टर्मिनलचे नाव टेबलाचे, साइन-ऑन माणसाचे

आयबीएमने १९८८ साली एएस/४०० हा संगणक आणला. त्याच्याच वंशातल्या आयबीएम आय प्रणालीवर आजही कितीतरी कंपन्यांचा साठा, बिले आणि पगार चालतात. तिच्याशी बोलणारे खरे ५२५० टर्मिनल (पडदा आणि कीबोर्ड) मात्र बहुतेक ठिकाणी गेले. त्यांची जागा पीसीवरच्या टर्मिनल इम्युलेटरने, म्हणजे टर्मिनलची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतली.

खरे टर्मिनल ट्विनॅक्स केबलने जोडलेले असे. एका केबलवर जास्तीत जास्त ७ उपकरणे आणि प्रत्येकाचा ० ते ६ यांपैकी एक पत्ता. ‘डीएसपी०१’ या नावाचे टर्मिनल म्हटले की ते अमुक टेबलावरचेच, हे ठरलेले असे. इम्युलेटर टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या पद्धतीने, जोडला जातो; तिथे अशी केबल नाही. सर्व्हर त्या जोडणीपुरते एक आभासी उपकरण देतो. तुम्ही नाव मागितले नाही, तर ‘क्यूपीएडीईव्ही०००१’ अशा मालिकेतले जे मोकळे असेल ते मिळते: आज ०००४, उद्या ००११.

नुसती माहिती पाहायची असेल, तर याने काही बिघडत नाही. पण आयबीएम आयमध्ये स्क्रीनवर चालणाऱ्या जॉबचे (कामाचे) नाव म्हणजे उपकरणाचेच नाव. छपाईची रांग वर्कस्टेशनवरून ठरवायची असे वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये (सर्व्हरवरच्या खात्यात) लिहिलेले असेल, तर कागद कुठल्या प्रिंटरवर निघणार हेही त्या नावावरच ठरते. गोदामातले चलन हिशेब विभागाच्या प्रिंटरवर निघू लागले, तर प्रिंटर उघडण्याआधी सेशनचे, म्हणजे इम्युलेटरच्या चालू जोडणीचे, नाव पाहावे.

नाव सेशनच्या सेटिंगमध्ये ‘वर्कस्टेशन आयडी’ या रकान्यात लिहितात. त्याची लांबी जास्तीत जास्त १० अक्षरे. सुरुवात अंकाने चालत नाही आणि मध्ये जोडरेघही चालत नाही. बरेच जण इथे संगणकाचेच नाव वापरण्याचा पर्याय निवडतात आणि तिथेच फसतात. विंडोज स्वतःहून संगणकाला ‘डेस्कटॉप’, जोडरेघ आणि पुढे ७ अक्षरे असे १५ अक्षरी नाव देते. त्यातली पहिली १० घेतली, तर वेगळेपणाची जेमतेम २ अक्षरे उरतात. त्यापेक्षा ‘गोदाम०१’ अशा धाटणीचे, इंग्रजी लिपीतले आखूड नाव स्वतः ठरवावे. एकाच पीसीवर दोन-तीन सेशन उघडत असतील, तर नावाच्या शेवटी तारा (*) लिहावा. त्या जागी सेशनचे अक्षर येते. बरोबर (=) चिन्ह लिहिले, तर नाव आधीच वापरात असल्यास इम्युलेटर पुढचा अंक लावून पाहतो.

ठरावीक नावाची एक किंमत मोजावी लागते: ८९०२ ही चूक. तिचा अर्थ ‘उपकरण उपलब्ध नाही’. कधी दोन पीसींना एकच नाव दिलेले असते. पण पुष्कळदा वायफाय तुटलेले असते आणि सर्व्हरला ते कळलेलेच नसते. त्याच्या दृष्टीने जुना जॉब अजून चालू आहे आणि नाव अडकलेले आहे. पलीकडचा जिवंत आहे का, हे टेलनेट सर्व्हर साधारणपणे ६०० सेकंदांनी तपासतो, म्हणून दहा मिनिटांनी ‘आपोआप’ सुरू झाल्याचे लोक सांगतात. वायरलेस स्कॅनर वापरणाऱ्या गोदामात हा अवधी कमी ठेवणेच शहाणपणाचे.

आता साइन-ऑन, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन आत जाणे. साध्या टेलनेटवर म्हणजे पोर्ट २३ वर साइन-ऑनच्या पडद्यात भरलेला पासवर्ड उघडाच जातो. तो एबसिडिक या आयबीएमच्या अक्षरसंकेतात असतो, त्यामुळे वाचता येत नाही असे वाटते. पण एबसिडिक हे कुलूप नव्हे, ती फक्त वेगळी बाराखडी आहे. इंग्रजी ‘ए’ अॅस्कीत (इतर संगणकांच्या नेहमीच्या अक्षरसंकेतात) ४१ असतो, तर इथे सी१ (दोन्ही आकडे सोळाच्या पद्धतीतले). म्हणून टीएलएस (जोडणीवरचा मजकूर कूटबद्ध करणारी पद्धत) लावून पोर्ट ९९२ वापरावे. ही सेटिंग पुढे कधीतरी बघू म्हणून सोडू नये.

साइन-ऑनचा पडदा टाळण्याची सोयही इम्युलेटरमध्ये असते. ती चालण्यासाठी सर्व्हरवरचे क्यूआरएमटीसाइन हे मूल्य (प्रणालीची सेटिंग) ‘व्हेरिफाय’ असावे लागते. ते ‘फोर्स साइन-ऑन’ असेल, तर इम्युलेटरमध्ये कितीही खुणा केल्या तरी पडदा येणारच. ८९३७ हा चूक-क्रमांक दिसला, तर सर्व्हरने स्वयंचलित साइन-ऑन नाकारले आहे. आधी साठवलेला पासवर्ड जुना झाला आहे का ते पाहावे.

साइन-ऑनच्या चुकलेल्या प्रयत्नांची मर्यादा क्यूमॅक्ससाइन हे मूल्य ठरवते. मर्यादा ओलांडल्यावर काय करायचे, हे क्यूएमएएक्सएसजीएनएसीएन ठरवते: १ असेल तर उपकरण बंद, २ असेल तर प्रोफाइल बंद, ३ असेल तर दोन्ही. निव्वळ १ ठेवणे चुकीचे वाटते. आपोआप नावे मिळत असतील, तर पासवर्ड चाचपणारा पुढचे उपकरण घेऊन पुन्हा सुरू करतो. नावे ठरावीक असतील, तर त्या टेबलावर नंतर बसणारा निर्दोष माणूस अडकतो. मूल्य ३ असताना कुलूप दोन ठिकाणी लागते, म्हणून दोन्हीकडे काढावे लागते: डब्ल्यूआरकेसीएफजीएसटीएस या आज्ञेत पर्याय १ देऊन उपकरण चालू करायचे, आणि प्रोफाइलची स्थिती ‘एनेबल्ड’ करायची. फक्त पासवर्ड बदलून दिला, तर वापरकर्ता दुसऱ्या टेबलावरूनही आत जाऊ शकत नाही.