बाजार उघडला, पण आत कोणाला शिरता आलं?

१९९०च्या जानेवारीत वॉर्सॉच्या फुटपाथांवर घडीच्या खाटा मांडलेल्या दिसू लागल्या. खाटेवर मांस, कपडे, परदेशातून पिशव्या भरभरून आणलेला माल. सरकारी नियंत्रणाची साम्यवादी अर्थव्यवस्था सोडून बाजाराकडे वळणाऱ्या पोलंडचे अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांची योजना १ जानेवारीला लागू झाली होती. बहुतेक वस्तूंवरचं भावनियंत्रण उठलं, आयात मोकळी झाली आणि झ्लॉटी हे चलन डॉलरमध्ये बदलून घेता येऊ लागलं. पहिल्याच महिन्यात भाव ८० टक्क्यांच्या आसपास चढले. पण दुकानांतल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या फळ्या भरल्या, कारण माल आणणाऱ्याला आता कोणाची परवानगी लागत नव्हती. खाटेवरच्या धंद्यातून टपऱ्या झाल्या, टपऱ्यांची दुकानं झाली.

हे दुखण्याविना झालं नाही. दोन वर्षं उत्पादन घसरलं आणि बेकारी पुढे १६ टक्क्यांपर्यंत गेली. मात्र १९९२पासून पोलंड सावरला. २००४मध्ये तो युरोपीय महासंघात गेला आणि २००९च्या जागतिक मंदीत महासंघातला आक्रसण्यापासून वाचलेला एकमेव देश ठरला.

सगळ्या सुधारणा एकाच झटक्यात करायच्या, याला ‘शॉक थेरपी’ म्हणतात, ती हीच. रशियाने तेच औषध २ जानेवारी १९९२ला घेतलं. येगोर गायदार यांच्या सरकारने भाव मोकळे केले आणि त्या वर्षी महागाई २,५०० टक्क्यांच्या घरात पोचली. लोकांची बचत वितळून गेली. मॉस्कोतही लोक रस्त्यावर वस्तू विकायला उभे राहिले, पण त्यांच्यातल्या अनेकांच्या हातात घरातलीच चीजवस्तू होती. शिवाय सोव्हिएत उद्योगांची बांधणीच अशी, की कित्येक वस्तू एकदोन अवाढव्य कारखान्यांतच तयार होत. तिथे भाव मोकळे करण्याचा अर्थ मक्तेदाराला मोकळं रान, एवढाच. मग खासगीकरण आलं. प्रत्येक नागरिकाला सरकारी कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी १०,००० रुबलचं व्हाउचर मिळालं आणि गरजेपोटी अनेकांनी ते मिळेल त्या भावाला विकलं. १९९५मध्ये सरकारने कर्जाच्या बदल्यात तेल आणि धातू कंपन्यांचे शेअर मोजक्या बँकवाल्यांच्या हवाली केले. ऑगस्ट १९९८मध्ये सरकारने कर्जफेडच थांबवली. दरम्यान १९९४पर्यंत रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आलं होतं. माझ्या मते त्या दशकातला हा सगळ्यात भयानक आकडा आहे, पण आर्थिक चर्चेत त्याचा उल्लेख सहसा शेवटी येतो.

सुधारणा झपाट्याने कराव्यात की बेताबेताने, हा वाद या दोन देशांवरून अजून रंगतो. पण झटका तर दोन्हीकडे होता. फरक पडला तो नव्या, लहान माणसाला बाजारात किती लवकर आणि किती सहज शिरता आलं, याने.

चीनकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. १९७८च्या अखेरीस आन्हुई प्रांतातल्या शिआओगांग गावात १८ शेतकऱ्यांनी एका कागदावर गुपचूप अंगठे उमटवले. सामूहिक शेत घराघरांत वाटून घ्यायचं, सरकारचा कोटा भरायचा, उरलेलं धान्य स्वतःचं. हा गुन्हा होता. त्यामुळे कोणी तुरुंगात गेलंच तर त्याची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असंही त्यात लिहिलं होतं. पुढच्या हंगामात पीक भरघोस आलं आणि काही वर्षांत हीच पद्धत देशाचं धोरण बनली. उद्योगांतही तोच मेळ घातला गेला: ठरलेला माल सरकारी भावाने, वरचा बाजारभावाने. बीजिंगने खासगीकरणाचा गाजावाजा केला नाही. आधी खेड्यापाड्यांतले कारखाने आणि शेनझेनसारखे विशेष आर्थिक विभाग वाढू दिले. ११ डिसेंबर २००१ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तोवर तिथले कारखाने मोठी मागणी पेलण्याइतके तयार झाले होते.

जगाच्या वाढीवर या सगळ्याचा परिणाम झाला तो मुख्यतः माणसांच्या संख्येमुळे. चीन, पूर्वीचा सोव्हिएत गट आणि १९९१मध्ये परकीय गंगाजळी आटल्यावर दारं उघडणारा भारत असे सगळे मिळून जागतिक बाजारातलं मनुष्यबळ सुमारे दीड अब्जावरून तीन अब्जांवर गेलं, असा हिशोब हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी मांडला. भांडवल मात्र त्या पटीत वाढलं नव्हतं. म्हणून कारखान्यातल्या वस्तू स्वस्त झाल्या आणि त्यांना लागणारं लोहखनिज, तांबं, तेल महागलं. चिली आणि ब्राझीलची चांदी झाली. चीनने निर्यातीतून कमावलेले डॉलर अमेरिकी सरकारी रोख्यांत गुंतवले, त्याने तिथले व्याजदर खाली राहायला हातभार लागला. आणि चाळीस वर्षांत चीनमधले सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले.

झळही लांबवर पोचली. व्हिएतनामने १९८६मध्ये ‘दोई मोई’ सुधारणा सुरू केल्या, दोन वर्षांनी जमीन कसण्याचा हक्क कुटुंबांना दिला. धान्य आयात करणारा हा देश १९८९मध्ये दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात करू लागला. डोंगराळ भागात कॉफीचे मळे इतके वाढले, की शतक संपताना व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल दुसरा मोठा उत्पादक झाला. देशोदेशीचे निर्यात कोटे ठरवणारी जुनी व्यवस्था १९८९मध्येच मोडली होती आणि ब्राझीलचं पीकही वाढत होतं. जगभर कॉफी उतू गेली, भाव कोसळले आणि २००१च्या सुमारास मध्य अमेरिकेतले मळेवाले आणि मजूर देशोधडीला लागले. त्यांच्या देशांनी काहीच बदललं नव्हतं.

अमेरिकेतल्या फर्निचर आणि कापडाच्या गावांचंही तेच झालं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे तिथल्या २० लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. नोकरी गेलेला कामगार दुसऱ्या गावी जाऊन नवं काम शोधतो, हे पाठ्यपुस्तकात गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात बरेच जण हललेच नाहीत.

चीनला जागतिक व्यापार संघटनेत घेताना करारात एक कलम घातलं होतं: डम्पिंगच्या, म्हणजे परदेशात अवाजवी स्वस्तात माल विकल्याच्या तक्रारींमध्ये पहिली १५ वर्षं चीनला ‘बाजार अर्थव्यवस्था’, म्हणजे भाव बाजारच ठरवतो असा देश, न धरण्याची इतर देशांना मुभा. डिसेंबर २०१६मध्ये ती मुदत संपली, तरी अमेरिका आणि युरोपीय महासंघ तो दर्जा द्यायला तयार झाले नाहीत. चीनने महासंघाविरुद्ध संघटनेकडे दाद मागितली, २०१९मध्ये स्वतःच सुनावणी थांबवायला सांगितली आणि २०२०मध्ये निकालाविनाच ते प्रकरण बाद झालं.