टेम्प्लेट म्हणजे मजकूर उडवलेली जुनी फाईल नव्हे

टेक रायटिंगच्या, म्हणजे प्रॉडक्टची मॅन्युअल्स लिहिणाऱ्या, टीममध्ये "आमच्याकडे टेम्प्लेट आहे" म्हणतात आणि उघडून बघावं तर मागच्या रिलीजचं युजर गाईड निघतं, मजकूर उडवून आणि नाव बदलून शेअर्ड ड्राइव्हवर टाकलेलं. कृपा करून याला टेम्प्लेट म्हणू नका.

सेव्ह ॲज करून काम कसं चालतं ते सगळ्यांना माहितीय, हेडरमध्ये जुन्या क्लायंटचं नाव राहून जातं तेही माहितीय. वर्डचं टेम्प्लेट डीओटीएक्स फाईल असते, डबल क्लिक केलं की विनानावाचं नवं डॉक्युमेंट उघडतं, मूळ फाईलला धक्का लागत नाही. इथपर्यंत कुणाचा गोंधळ नसतो.

गोंधळ होतो तो स्टाईल्समध्ये, म्हणजे फॉन्ट, रंग, अंतर वगैरे एका नावाखाली बांधून ठेवलेल्या फॉरमॅटिंगमध्ये. समजा प्रत्येक चॅप्टर नव्या पानावर सुरू व्हायला हवा. जुन्या फाईलमध्ये कुणीतरी तिथे एंटर मारत मारत हेडिंग पुढच्या पानावर ढकललेलं असतं, वर चार ओळी वाढल्या की तेच हेडिंग घसरून पानाच्या मध्ये येतं आणि मग रिलीजच्या आदल्या रात्री कुणीतरी अख्खं मॅन्युअल स्क्रोल करत बसतं. टेम्प्लेटमध्ये हेडिंग १ च्या स्टाईललाच 'पेज ब्रेक बिफोर' लावलेलं असतं, ते लक्षात ठेवायची गरजच नाही. नंबरिंगचं तसंच, मल्टिलेव्हल लिस्ट (१, १.१, १.१.१ असे नंबर वर्ड स्वतः देतं ती) हेडिंगच्या स्टाईल्सना जोडलेली हवी, हाताने २.३.१ टाइप केलं की मधे एक सेक्शन घुसवताच पुढचे सगळे नंबर आणि 'सेक्शन २.३.१ बघा' वाले उल्लेख चुकले. आणि स्टाईलला नाव द्यायचं ते कामावरून, 'वॉर्निंग' असं, 'लाल बोल्ड' नाही, कारण उद्या ब्रँडिंगवाले रंग बदलणारच.

आता मॅनेजर म्हणतो, लोगो आणि फॉन्टच तर बदलायचाय, अर्ध्या दिवसात करून टाक. लोगो-फॉन्टला खरंच वेळ लागत नाही. वेळ जातो तो जुनी मॅन्युअल्स उघडून काय काय लागतं ते शोधण्यात, म्हणजे स्टेपच्या आत कोड, कोडनंतर नंबर पुढे चालू, टेबलमध्ये नोट, मधेच एक आडवं पान, आणि मग टीममधलं सगळ्यात किचकट मॅन्युअल त्यात ओतून, पीडीएफ काढून, अनुक्रमणिका आणि बुकमार्क तपासण्यात. ही टेस्टिंग गाळली तर तेच तास नंतर प्रत्येक रायटर वेगवेगळे भरतो, आणि ते कुठल्याच टाइमशीटवर दिसत नाहीत.

अजून एक, टेम्प्लेट बदललं की आधीची डॉक्युमेंट्स आपोआप बदलत नाहीत. 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाईल्स' टिक केलं तर डॉक्युमेंट उघडताना स्टाईल्स नव्या होतात, पण हेडर-फूटर आणि तयार मजकूर जुनाच राहतो. तेव्हा जुनी मॅन्युअल्स नव्या टेम्प्लेटवर आणायचं काम एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ टाकून लिहा, टेम्प्लेटच्या तासांत कोंबू नका.