वाकळीच्या पोटात

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी उतरले, तेव्हा पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत घरोघरी अंगणात भिजलेल्या वाकळींचे, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्यांचे, ढीग पडले होते. पाण्याने दगडासारख्या जड झालेल्या, गाळाने माखलेल्या त्या वाकळी बहुतेकांनी ट्रॉलीत भरून टाकून दिल्या. आमच्या नात्यातल्या एका मावशींनी मात्र आपल्या आईच्या हातची एक वाकळ ठेवून घेतली, पंधरा दिवस आलटून पालटून उन्हात वाळवली आणि मग ब्लेड घेऊन तिचे टाके उसवायला त्या बसल्या. वरचे लुगडे निघाले, त्याखाली परकरांचे तुकडे निघाले, त्याखाली लहान मुलीचा एक फ्रॉक आणि सगळ्यांत आत, घडी न मोडता घातलेले पुरुषाचे धोतर. "ह्ये आण्णाचं हाय," एवढेच त्या म्हणाल्या आणि ते धोतर मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. आण्णा म्हणजे त्यांचे वडील. ते दारू पिऊन घरी आले की आई मुलींना मागच्या दाराने गोठ्यात पाठवत असे, हे त्या दिवशी मावशींनी पहिल्यांदा सांगितले. त्यांचे वय तेव्हा ६१ होते.

एवढी वर्षे त्या का बोलल्या नाहीत, याचे उत्तर आपल्याकडे तयारच असते: झाकली मूठ सव्वा लाखाची. ते खोटेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि कोणाकडूनही अशी हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के निघाल्या. पण अब्रूची भीती हे निम्मेच उत्तर आहे. ऐकणारे माणूस विश्वासाचे असले, दार लावलेले असले आणि बोलायची इच्छाही असली, तरी शब्द फुटत नाहीत, असे अनेकींच्या बाबतीत घडते. त्याचे कारण शोधायला मेंदूच्या कामकाजाकडे वळावे लागते.

बोस्टनमधील मनोविकारतज्ज्ञ स्कॉट राउच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मानसिक आघाताने आजारी झालेल्या आठ जणांना त्यांच्याच आयुष्यातल्या प्रसंगांची वर्णने ऐकवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह पेट स्कॅनने मोजला. भीतीशी संबंधित असलेले अमिग्डाला आणि त्याच्या आसपासचे भाग, तसेच दृश्ये हाताळणारा भाग अधिक सक्रिय झाला. मात्र डाव्या बाजूचे ब्रोकाचे क्षेत्र, म्हणजे विचारांना बोलण्याचे रूप देणारा भाग, मंदावला. आठ माणसांवरून सर्वांविषयीचा नियम बांधता येत नाही, हे खरेच. तरी 'वाचा बसली' हा आपला वाक्प्रचार ज्या कोणी प्रथम वापरला, त्याचे निरीक्षण चांगले होते असे म्हणावे लागते.

सामान्य आठवणीला काळ आणि जागा चिकटलेली असते. ते काम प्रामुख्याने हिप्पोकॅम्पस हा भाग करतो, आणि त्यामुळेच 'ते तेव्हा झाले, आता नाही' हे आपल्याला कळते. आघाताच्या प्रसंगी हे काम नीट होत नाही आणि आठवण सुट्या तुकड्यांच्या रूपाने राहते, अशी मानसशास्त्रातील एक महत्त्वाची मांडणी आहे. दाराच्या कडीचा आवाज, विशिष्ट वास, पोटात पडणारा खड्डा असे ते तुकडे असतात. त्यांतला एखादा तुकडा अवचित समोर आला की शरीर पन्नास वर्षांपूर्वीच्या रात्रीत असल्यासारखे वागू लागते. मावशींचे लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या, आण्णा वारले, गोठा पडला. तरी रात्री कोणी जोरात कडी वाजवली की त्या आधी उठून मागच्या दाराशी जातात. घरच्यांच्या लेखी तो त्यांचा 'स्वभाव' होता.

बालपणीच्या घराचा शरीरावर किती खोल परिणाम होतो, याची मोठी मोजदाद अमेरिकेतील सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या निबंधात साडेनऊ हजार प्रौढांना विचारलेल्या प्रश्नांत आईला घरात मारहाण होत होती का आणि घरात कोणी व्यसनी होते का, हेही प्रश्न होते. चार किंवा अधिक प्रकारचे असे अनुभव असलेल्यांत दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांच्या मानाने चार ते बारा पट आढळला. मुलीला स्वतःला कोणी हात लावला नाही, तिने फक्त पाहिले, म्हणून तिला काही झाले नाही, हा आपल्याकडचा समज या मोजणीपुढे टिकत नाही.

इथे एका लाडक्या समजुतीबद्दल सावध करावेसे वाटते. 'आईचे दुःख मुलीच्या जनुकांत उतरते' असे हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ठणकावून सांगितलेले असते. त्याचा आधार बहुतेक वेळा राचेल येहुदा यांचा २०१६ चा अभ्यास असतो. नाझी छळातून वाचलेल्या ३२ व्यक्ती आणि त्यांची २२ अपत्ये यांच्यात, तणावाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणांमध्ये फरक आढळला होता. नमुना लहान होता आणि त्या खुणा वारशाने आल्या की त्या घरात वाढल्यामुळे उमटल्या, हे त्यावरून सांगता येत नाही. माझ्या मते दुःख पुढे जाण्याचा साधा मार्ग डोळ्यांसमोरच आहे. आई कोणत्या आवाजाला दचकते, कोणत्या विषयावर गप्प होते, कोणाच्या चपला उंबऱ्यात दिसल्या की आवाज खाली आणते, हे सगळे मुलगी चालायला शिकते त्याच वयात शिकते.

आठवण शब्दांत नसेल आणि दृश्यांत, स्पर्शांत व हालचालींत साठलेली असेल, तर तिच्यापर्यंत हाताने पोचता येईल का, हा कलोपचारामागचा मूळ प्रश्न आहे. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने वापरात आणला. क्षयरोगाच्या सॅनटोरियममध्ये पडून असताना तो चित्रे काढत राहिला आणि मग शेजारच्या रुग्णांनाही काढायला लावू लागला. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या रुग्णालयावरून ये-जा करताना मला नेहमी वाटते, की तिथल्या लांबलचक दुपारींतही कोणी कागदावर काही रेखाटले असेल आणि ते जपायचे कोणाला सुचले नसेल.

घरातल्या जखमेतून आयुष्यभर कला करत राहिलेली स्त्री म्हणून लुईझ बुर्ज्वा हिचे उदाहरण नेहमी घेतले जाते, आणि वाकळीच्या संदर्भात तर ते फारच जवळचे आहे. १९११ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या लुईझच्या घरी भिंतीवर टांगायचे जुने विणीव चित्रपट (टॅपेस्ट्री) दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता आणि फाटलेले विणून सांधण्याचे काम आई पाहत असे. मुलांना इंग्रजी शिकवायला ठेवलेल्या, घरातच राहणाऱ्या बाईशी वडिलांचे संबंध होते. आईला ते ठाऊक होते आणि ती गप्प होती. लुईझने पुढे आईचे रूप म्हणून नऊ मीटरहून उंच कोळीण घडवली, कारण कोळीणही विणते आणि फाटलेले जाळे पुन्हा सांधते. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर ती स्वतःचे आणि आईचे जुने कपडे कापून शिवलेल्या आकृती करू लागली. तिने अनेक वर्षे मनोविश्लेषणाचे उपचारही घेतले होते, हा तपशील गोष्ट सांगताना बहुधा गाळला जातो.

हाताने काही करताना नेमके काय घडते, याची काही उत्तरे प्रयोगांतून मिळाली आहेत आणि त्यांतली निदान दोन अपेक्षेच्या उलट आहेत. दुःख कागदावर 'ओतले' की मन हलके होते, असे आपण धरून चालतो. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दुःखी झालेल्या व्यक्तींपैकी काहींना ते दुःखच चितारायला सांगितले आणि काहींना भलतेच काही. तात्पुरती मनःस्थिती अधिक सुधारली ती भलतेच काढणाऱ्यांची. म्हणजे चौकोन, त्रिकोण, वेलबुट्टी हे पळून जाणे असेलच असे नाही. पुष्कळदा ती दम घेण्याची जागा असते.

दुसरे उत्तर एमिली होम्स यांच्या २००९ च्या प्रयोगातून आले. भीषण प्रसंगांची चित्रफीत पाहिल्यावर अर्ध्या तासाने ज्यांनी दहा मिनिटे टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळला, त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्ये अवचित डोळ्यांपुढे येण्याचे प्रमाण कमी राहिले. शब्दांची प्रश्नमंजूषा खेळणाऱ्यांना नंतरच्या प्रयोगात असा लाभ झाला नाही. स्पष्टीकरण असे, की आकार आणि जागा यांचा मेळ घालण्याचे काम आणि भयानक दृश्य मनात धरून ठेवण्याचे काम मेंदूची एकच मर्यादित जागा वापरते, आणि दोन्ही एकाच वेळी तिथे पुरे मावत नाहीत. ताज्या चित्रफितीचे निष्कर्ष पन्नास वर्षांच्या आठवणीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही वाकळीवर ठिगळ बसवताना 'हा तुकडा इथे बसतो की फिरवून तिथे' या विचारात गढलेल्या बाईचे डोके त्या वेळी काय करत असते, ते यावरून थोडे उमगते.

तिसरी गोष्ट ताबा. आघाताच्या प्रसंगी माणसाच्या हातात काही नसते. तेव्हा काय होणार, कधी थांबणार, हे दुसरा ठरवतो. कापडाच्या बाबतीत रंग, तुकडा, टाक्याची लांबी, थांबण्याची वेळ, सगळे शिवणारीच ठरवते आणि चुकलेले उसवता येते. मावशींच्या पद्धतीत शिवण कडेने सुरू होते आणि टाके फेऱ्याफेऱ्याने आत मध्याकडे जातात. आण्णांच्या धोतराजवळ पोचायला त्यांना उलट वाटेने चार दुपारी लागल्या आणि त्या चार दुपारींचा वेग त्यांचा स्वतःचा होता. गिरिजा कैमल यांच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे मनाला येईल ते घडवल्यावर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक कमी झाले, आणि कला आधी येत असल्या-नसल्याने त्यात फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा त्या अभ्यासाचा मोठा उणेपणा. पण 'मला कुठे चित्र काढता येते' म्हणणाऱ्या बायकांना त्यातला दुसरा निष्कर्ष जरूर सांगावा.

आपल्या बायकांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो आणि तो काही अंशी रास्त आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्यांत सासुरवास आहे, नवऱ्याचा जाच आहे, माहेर तुटल्याचे दुःख आहे. पहाटे घर झोपलेले असताना, जात्याच्या घरघरीत, ठरलेल्या चालीवर हे म्हटले जाई. ओवी सगळ्यांची असल्यामुळे 'हे तू कोणाबद्दल म्हणालीस' असे सुनेला कोणी विचारू शकत नसे. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले आणि ही आडोशाची जागाही गेली. जाते परत आणा असे मी म्हणणार नाही. पण आडोसा, लय आणि सोबत या तीन गोष्टींची गरज गिरणीने भागत नाही. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिली देशात बेपत्ता झालेल्यांच्या आया-बायका चर्चच्या आसऱ्याने एकत्र जमून चिंध्यांची चित्रे शिवत असत, तिथेही हेच तीन घटक दिसतात.

मग हा उपचार सिद्ध झाला आहे काय? आघात सोसलेल्या प्रौढांवरील कलोपचाराचे तुलनात्मक अभ्यास कारिन स्खाउटेन यांनी २०१५ मध्ये धुंडाळले, तेव्हा निकषांत बसणारे फक्त सहा सापडले आणि त्यांतल्या निम्म्यांत लक्षणे लक्षणीय कमी झालेली दिसली. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत गटाने दिलेल्या कलोपचाराचा उपयोग दिसला नाही. तो निकाल २०१२ मध्ये आला. आजार वेगळा, तेव्हा निष्कर्षही वेगळा. पण कलेने सगळे बरे होते असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवायला हवा. रंगपेटी विकत घेणे म्हणजे कलोपचार नव्हे. प्रशिक्षित उपचारक चित्राचा अर्थ लावून दाखवत नाही, तर काढणारी कुठे थांबली, कुठे तिचा श्वास अडकला, हे पाहतो आणि तिला वर्तमानात परत आणतो. एकटीने खोल शिरल्यावर झोप उडाली, जुनी दृश्ये वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर हातातले काम बाजूला ठेवून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणचा मनोविकार विभाग गाठावा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. आणि मारहाण आजही चालू असेल, तर आधी सुरक्षितता. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. जळत्या घरात बसून कोणी वाकळ शिवत नाही.

मावशींनी ती वाकळ पुन्हा शिवायला घेतली. फ्रॉकचे कापड त्यांनी आत न घालता वरच्या बाजूला मधोमध चौकोन करून लावले. धोतराचे काय करायचे ते मात्र कित्येक महिने ठरले नाही. आत घालावे तर आईने केले तेच होणार, आणि टाकायला हात धजेना. पुढे नात सुट्टीला आली आणि टाके शिकायचे म्हणून हट्ट धरून बसली, तेव्हा मावशींनी ट्रंकेतून ते काढून त्याचा हातभर तुकडा फाडून तिला सरावाला दिला. लाल दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके घालता घालता दोरा संपला आणि पोरीने विचारले, "आज्जी, ह्ये कुणाचं गं?"

"माझ्या आण्णाचं. सांगती, आधी सुईत दोरा ओव."