गेरूचा रंग उडत का नाही?

उन्हात वाळत घातलेलं लाल लुगडं दोन-चार वर्षांत विटतं. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या कातळांवर लाल रंगात काढलेली जनावरं मात्र हजारो वर्षं तशीच आहेत. तो लाल म्हणजे गेरूच. तुळशीवृंदावनाला आपण लावतो तोच, आणि तांदळाच्या पिठाने चित्रं काढण्याआधी वारली घराच्या भिंतीला देतात तोही.

गेरूला लाली येते हेमॅटाइटमुळे. हेमॅटाइट हे लोह आणि ऑक्सिजनचं संयुग, गंजाचं जवळचं भावंड. त्यातल्या लोहाने घ्यायचा तेवढा ऑक्सिजन आधीच घेतलेला असतो, त्यामुळे हवेला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. कापडाच्या रंगातले सेंद्रिय रेणू उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटत जातात. हेमॅटाइटचा स्फटिक त्या किरणांना दाद देत नाही. पिवडीचंही मूळ लोहच, फक्त तिच्यातल्या गोएथाइटमध्ये हायड्रोजनही बांधलेला असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तो पाण्याच्या रूपाने निघून जातो आणि पिवळी माती लाल होते. एवढी धग चुलीतही मिळते!

माणसाने गेरू किती आधी हाताळला असेल? दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत २००८ साली सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे दोन मोठे शिंपले सापडले. दगडावर घासलेली गेरूची पूड, कोळसा आणि कुटलेली हाडं त्यांत एकत्र कालवलेली होती. शेती सुरू व्हायला अजून कितीतरी हजार वर्षं होती, पण रंग कालवण्याची रीत बसलेली होती. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आपल्याकडे गेरूचं सर्वांत देखणं काम कोकण, गोवा आणि उत्तर कन्नडच्या देवळांत दिसतं. किनाऱ्यावर त्याला काव म्हणतात. भिंतीला आधी चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ लाल थर. तो ओला असतानाच कारागीर टोकदार हत्याराने नको तेवढा लाल भाग खरवडतो. खालचा पांढरा वर येतो आणि वेलबुट्टी, हत्ती, देवादिक उमटतात. हात चुकला तर पुसायची सोय नाही. मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो, पुन्हा चुनखडी बनतो आणि लाल कण त्यातच अडकून बसतात. ओला चुना इतका दाहक असतो की पुष्कळ वनस्पतिजन्य रंग त्यात टिकत नाहीत. कावेला काही होत नाही.

तरी ही चित्रं झपाट्याने जात आहेत. जीर्णोद्धारात जुना गिलावा पाडतात, किंवा वरून ऑइल पेंट फासतात. पेंटमुळे चुन्याची भिंत श्वास घेऊ शकत नाही, आत ओल कोंडते आणि गिलावाच पोपडे धरून सुटतो. अशा भिंतीला पेंटऐवजी पुन्हा चुनाच द्यावा, आणि काव भरायला जुन्या पद्धतीचा जाणकार कारागीर शोधावा.