मग (शब्द)

मग हा दोन अक्षरांचा शब्द मराठीत ‘नंतर’ या अर्थाचे अव्यय आहे, कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘मुलगा’ होतो, आणि इंग्रजीतून आलेला मग न्हाणीघरातल्या बादलीवर लटकलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे तिन्ही मग रोजच्या बोलण्यात एकमेकांशेजारी नांदतात.

मराठी मग क्रम सांगतो (‘जेव, मग जा’), अट घालतो आणि नुसता ‘मग?’ असा वर चढवून उच्चारला की समोरच्याकडून पुढची हकीगत काढून घेतो. ‘मग येतो’ म्हणजे पुढे कधीतरी, पण ‘मगाशी आलो होतो’ म्हणजे थोड्या वेळापूर्वी. प्रत्यय लागताच शब्द भविष्यातून भूतकाळात जातो. गोव्याच्या कोकणीत याच अर्थी ‘मागीर’ म्हणतात.

कन्नड मग द्राविडी कुळातला. मगळु म्हणजे मुलगी, मगु म्हणजे लहान मूल, मोम्मग म्हणजे नातू. तमिळमध्ये त्याचे रूप मगन होते. तेलुगूत हाच शब्द सरकून ‘पुरुष’ या अर्थाला गेला आणि मगडु म्हणजे नवरा झाला. बेंगळुरूची तरुण पोरे मित्राला ‘मगा’ अशी हाक मारतात. तिथे मुलाचा काही संबंध नसतो. आपल्या ‘लेका’चे नेमके हेच झाले आहे. शिव्यांतही दोन्ही शब्द सारख्याच सढळपणे येतात. स्कॉटिश आणि आयरिश आडनावांतला ‘मॅक’ म्हणजेही मुलगाच, पण ते साम्य योगायोगाचे.

देवनागरीत लिहिले की तिन्ही शब्द एक दिसतात, ऐकताना मात्र तसे नाही. मराठी मग ‘ग्’वर थांबतो, शेवटचा अ गळतो. कन्नडमध्ये तो अ पूर्ण उच्चारला जातो, आणि शिवाय नाम असल्यामुळे शब्द विभक्ती घेतो: मगनिगे म्हणजे मुलाला. त्यामुळे दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेल्या बेळगावकराचा मराठी आणि कन्नड मगांत सहसा घोळ होत नाही. घोळ होतो तो इंग्रजी मगाचा, कारण त्याचा उच्चार मराठीशी तंतोतंत जुळतो. प्लॅस्टिकच्या दुकानात बादलीचा भाव करणारी बाई ‘वीस रुपये कमी करा, मग द्या’ म्हणते आणि दुकानदार बादलीत मग टाकून म्हणतो, ‘मगाचे पैसे वेगळे पडतील, अक्का.’ त्यात ‘मगाचे पैसे’ म्हणजे भांड्याची किंमत की मघा दिलेले पैसे, हा आणखी एक गुंता. बोलीत मगाशी आणि मघाशी दोन्ही चालतात.

कन्नड बोलणारा हाच पेच सोपा करतो. बसचे ‘बस्सु’ होते तसे तो भांड्याला ‘मग्गु’ म्हणतो. पण मग हा मग्गु शेजारच्या दुसऱ्या शब्दांना जाऊन भिडतो: मग्गी म्हणजे पाढे आणि मग्ग म्हणजे विणकराचा माग. बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूर या विणकर वस्त्यांत माग आणि मग्ग ही एकाच यंत्राची दोन नावे आहेत, आणि कोणते वापरायचे ते समोर कोण आहे त्यावर ठरते.

संस्कृतात मग हे सूर्यपूजक पुरोहितांचे नाव. शाकद्वीपातून त्यांना कृष्णाचा मुलगा सांब याने आणले अशी पुराणकथा आहे, आणि सूर्याच्या मूर्तीची स्थापना मगांकडून करावी असे वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगितले आहे. हा शब्द मूळचा इराणी. तोच ग्रीकमार्गे युरोपात गेला आणि त्यातून इंग्रजीतला ‘मॅजिक’ निघाला. हंगेरियन भाषेत याच्या जवळचाच उच्चार असलेला शब्द बियाण्यासाठी आहे.

बंगालीत मग म्हणजे आराकानचे, आजच्या म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लोक. सतराव्या शतकात त्यांनी पोर्तुगीज चाच्यांच्या साथीने खालच्या बंगालात लुटालूट केली, माणसे पकडून गुलाम म्हणून विकली. बेबंदशाहीला ‘मगेर मुल्लुक’ म्हणण्याची रीत त्यातूनच पडली. १६६६ मध्ये चितगाव जिंकून त्यांचा बंदोबस्त करणारा मोगल सुभेदार मराठी वाचकाला परका नाही: तो शायिस्ताखान, तीनच वर्षांपूर्वी पुण्याच्या लाल महालात बोटे गमावून बंगालात बदली झालेला.