सारख्या आकाराचे पक्षी एकत्र चालतात?

‘आकार सारखा असला की कुठलेही पक्षी एका पिंजऱ्यात ठेवा,’ असं पेट शॉपवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत. खरं तर आकारापेक्षा स्वभाव बघायला हवा. लव्हबर्ड हा आफ्रिकेतला छोटा पोपट जेमतेम १५ सेंटिमीटरचा, पण दुप्पट लांबीच्या कॉकाटील या तुरेवाल्या पोपटाला तो अजिबात जुमानत नाही. समोरचा जाळीला लटकला की त्याच्या पायाचं बोटच चोचीत धरतो, आणि कधी कधी तोडतोसुद्धा. बजी (छोटा पोपट) आणि झेब्रा फिंच (चिमणीसारखा चिमुकला पक्षी) दोघेही ऑस्ट्रेलियाचे, म्हणून गुण्यागोविंदाने राहतील असं नाही. बजी फिंचच्या घरट्यात घुसून दांडगाई करतात. बजी-कॉकाटीलचं मात्र ऐसपैस जाळीघरात बहुतेक वेळा जमतं, फक्त दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. नवा पक्षी महिनाभर वेगळाच ठेवा. धडधाकट दिसणाराही आजार घेऊन येतो.