समलिंगी प्रेमकथा (मराठी)

दोन पुरुषांमधील किंवा दोन स्त्रियांमधील प्रेम हाच जिचा गाभा आहे अशी कथा, कादंबरी किंवा नाटक. ही नोंद मुख्यतः पुरुषांमधील प्रेमाच्या कथांविषयी आहे. समलिंगी पात्र असले म्हणजे प्रेमकथा झाली असे नव्हे. ज्या लेखनात ते पात्र 'प्रश्न' म्हणून येते, डॉक्टरकडे किंवा पोलिसांकडे नेले जाते आणि उपदेशासाठी वापरून झाल्यावर बाजूला ठेवले जाते, ते समाजचित्रण असेल; प्रेमकथा नाही. प्रेमकथेत कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत असते आणि वाचकही त्याच्यासोबत ती वाट पाहतो.

मराठीत अशी कथा लिहिणाऱ्याची पहिली झटापट शब्दांशी होते. 'समलिंगी', 'समलैंगिक' हे शब्द दवाखान्यातून आणि कोर्टातून आलेले आहेत. स्वयंपाकघरात आईसमोर उभा राहिलेला मुलगा ते उच्चारत नाही. तो म्हणतो, "आई, मला मुली नाही आवडत." किंवा, "तो नुसता मित्र नाहीये गं." संवाद लिहिताना ही वाक्ये ज्याच्या कानात आहेत, त्याचेच पात्र जिवंत होते.

दुसरी झटापट व्याकरणाशी आणि तीच सर्वांत विलक्षण. मराठी क्रियापद लिंग सांगून टाकते. तरी काही वाटा मोकळ्या आहेत. "काल तू दार उघडलंस, माझ्याकडे पाहिलंस. उद्याही बसस्टॉपवर असशील ना?" या ओळींत बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काहीच कळत नाही, कर्मणी-भावे प्रयोग आणि भविष्यकाळ दोघांनाही झाकून ठेवतात. मग पुढचे वाक्य येते : "तू हसलास." शेवटच्या त्या एका 'लास'मध्ये सगळी कबुली आहे. वर्षानुवर्षे 'आवडती व्यक्ती' म्हणत बोलणे निभावून नेलेल्या माणसाला त्या प्रत्ययाचे वजन ठाऊक असते.

पुरुषाने स्त्रीच्या तोंडून प्रेम बोलणे मराठीला नवे नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या विरहिणीच्या मुखाने येतात, शाहिरांच्या लावण्या नायिकेच्या. त्यांना समलिंगी काव्य म्हणणे ओढूनताणून होईल. पण पुरुषाने पुरुष राहूनच, 'मी थांबलो, तू आला नाहीस' असे म्हणणे आपल्याकडे फार उशिरा छापून आले, हेही खरे.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही महाविद्यालयीन तरुणी दुसऱ्या तरुणीवर प्रेम करते. रोहिणी हट्टंगडी यांनी ती साकारली होती. मित्राचा शेवट आत्मघातात होतो. तेंडुलकरांच्याच कथेवर रवी जाधव यांनी 'मित्रा' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यात २००२ मध्ये समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली. चेतन दातार यांच्या 'एक माधव बाग' या एकपात्रीत समलिंगी मुलाची वही आईच्या हाती लागते. इथे आईच मुलाची वाचक होते, आणि मोना आंबेगावकर यांनी ते सादर केले की प्रेक्षकही आईच्या खुर्चीतून ती वही वाचू लागतो. लेखक आणि वाचक यांच्यातल्या नात्याचे याहून नेमके चित्र प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (मौज प्रकाशन, २००६) मात्र थेट प्रेमकथा आहे. तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. त्याचे नाव कादंबरीत कुठेही नाही. तनयचा भाग त्या माणसाला 'तू' म्हणत बोलतो, अनुजाचा भाग रोजनिशीचा आहे. तो निघून गेल्यावर दुःख दोघांचे सारखेच, पण रडायची मुभा एकीलाच आहे. घर तिच्याभोवती गोळा होते, तनयला काय झाले हे कुणी विचारतही नाही. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला, चित्रपट २०२२ मध्ये.

या सगळ्यावर कायद्याची सावली होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ ब्रिटिश काळापासून लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा मोकळीक दिली.

वाचकाशी नाते जुळते ते बारीक तपशिलातून. आपल्याकडे दोन मुलगे खांद्यावर हात टाकून गावभर हिंडले तरी कुणी वळून पाहत नाही. मग तो हात मैत्रीचा नाही हे लेखकाने कसे दाखवायचे? कॉट बेसिसच्या खोलीत तिसरा रूममेट आत येतो, तेव्हा खांद्यावरचा हात झटकन निघून मोबाइलकडे जातो, एवढे पुरते. संबोधनातही मार्ग शोधावा लागतो. स्त्री-पुरुषांच्या कथेत 'तुम्ही'चे 'तू' झाले की जवळीक कळते. दोन समवयस्क मुलगे पहिल्या दिवसापासून 'अरे-तुरे'वरच असतात. म्हणून एखाद्या कथेत एक जण दुसऱ्याला आडनावाने हाक मारणे सोडून नावाने हाक मारतो, आणि त्या दिवशी दोघेही जरा गप्प होतात. ज्याने स्वतः असे काही अनुभवलेले नाही, त्या वाचकालाही ही शांतता ओळखीची वाटते.

शेवट हा अजूनही अवघड भाग आहे. मरण, घरच्यांनी लावून दिलेले लग्न किंवा शहर सोडणे, या तीन वाटा फार वापरून झाल्या. लग्नाचा शेवट कायद्याने मिळत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले, की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. त्या फॉर्मवर नॉमिनीच्या नावापुढे 'नाते' असा एक रकाना असतो. काउंटरच्या अलीकडे दोघे उभे आहेत, दोरीने बांधलेले पेन एकाच्या हातात आहे आणि तो रकाना अजून कोरा आहे.